ओल्या मातीचं जहाज

आमचे अजिनाथ तात्या तोंडाने फटकळ आहेत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पंगतीत वाढप्याशी भांडतात, एसटीत कंडक्टरशी भांडतात, आणि भांडायला कुणी नसलं तर आपल्या वेल्डिंगच्या दुकानातल्या लोखंडाशी भांडतात. शेवगावच्या बाजाराला निघाले की काकू मागून ओरडतात, "वाटंनं कुनाशी लागू नका." ते लागतातच. मी त्यांची पुतणी ज्योती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही, त्यामुळे त्यांच्या रागाचं मला कधी नवल वाटलं नाही. पण समुद्रावर राहून तात्यांचं डोकं फिरलं असं गाव म्हणतं, ते साफ खोटं आहे. तात्यांचं डोकं फिरलं ते गावात परत आल्यावर.

त्यांचे आईबाप, म्हणजे माझे आजी-आजोबा, ऊसतोडीला जायचे. कोयता, पाचट, मुकादमाच्या शिव्या, ह्यात तात्या वाढले. आयटीआय केलं, मग मुंबईच्या कुणा ओळखीच्या माणसाला धरून जहाजावर खलाशी म्हणून चिकटले. पुढे बोसन झाले. बोसन म्हणजे काय असं गावात विचारलं की सांगायचे, "खलाश्यांचा मुकादम. फक्त मी उचल देऊन पळवत न्हाई." बरीच वर्षं हे चाललं. सुट्टीवर आले की दाढी करून, बूट घालून पारावर बसायचे आणि लोकांना देवमासे सांगायचे. तेव्हा ते हसरे होते. मला आठवतं ते.

मग त्यांचं जहाज बुडालं. खनिजाची माती भरलेलं, तीन वाड्या आत मावतील एवढं जहाज. वारा होता, लाटा होत्या, पण खलाश्याला रोज दिसतात तेवढ्याच. सकाळी जहाज एका अंगाला कललं आणि परत आलं नाही. जहाज कलतं, सरळ होतं, पुन्हा कलतं, हे त्याचं चालणंच आहे. हे कललं ते तसंच राहिलं, मग आणखी कललं, आणि चहा व्हायच्या आत पालथं झालं. तात्या तराफ्यावर सापडले. त्यांच्या हाताखालची बहुतेक माणसं सापडली नाहीत. कंपनीने सांगितलं, वादळ होतं.

तात्या घरी आले तेव्हा भेटायला अख्खं गाव आलं आणि प्रत्येकाने एकच विचारलं, वादळ लई मोठं हुतं का? तात्या प्रत्येकाला सांगायचे, वादळ नव्हतं, माती ओली होती. लोक एकमेकांकडे बघायचे. समुद्रात सगळंच ओलं असतं, त्यात मातीचं काय एवढं? एकाने तर तोंडावर विचारलं, माती काय पोत्यात भरून वाळवून न्यायची का? त्या दिवशी तात्यांनी त्याच्या अंगावर चहाचा कप टाकला. तेव्हापासून ते फटकळ.

त्यांचं म्हणणं समजायला अजिबात अवघड नव्हतं, आणि मला राग येतो तो ह्याचाच. आमच्याकडे नदीतल्या वाळूचे डंपर चोरून चालतात, सगळ्यांनी बघितलेत. नदीवर भरताना वाळू नुसती दमट दिसते. खड्ड्याखड्ड्यातून आदळत डंपर गावात आला की त्याच वाळूवर पाणी तरंगतं आणि मागच्या फळीतून धार लागते. पाणी वरून कुणी ओतलेलं नसतं. आदळून आदळून कण खाली बसतात आणि आतलं पाणी वर येतं. जहाजात तेच होतं. खाली इंजिन थरथरतं, बाहेरून लाटा आपटतात, आणि कोरडी दिसणारी माती आतल्या आत चिखल होते. चिखल एका अंगाला वाहतो. उसाच्या ट्रॉलीतल्या मोळ्या एकदा एका बाजूला घसरल्या की त्या आपण होऊन परत येत नाहीत, तसा तोही परत येत नाही. हे सगळं रोज बघणाऱ्या गावाने तात्यांना वेडं ठरवलं.

ह्याच गावातून माझा भाऊ गोरक्षनाथ जहाजावर गेला. तात्यांनी त्याला विरोध केला नाही, उलट पोहायला विहिरीत नेऊन ढकलला. नोकरी नगरच्या श्रीमंत नावाच्या माणसाने लावून दिली. हा मुंबईच्या एजंटासाठी आपल्या जिल्ह्यातली पोरं गोळा करतो, पांढरे कपडे घालतो आणि सगळ्यांना 'बाळा' म्हणतो. निघताना तात्यांनी गोरखला एकच सांगितलं, "जहाजात माती भरायची वेळ आली तर पयला मला फोन कर. आई-बापाला नंतर."

वेळ आली. पण गोरखने फोन केला तो घरी.

जहाज पूर्वेकडच्या एका बेटाजवळ उभं होतं. किनाऱ्यावरच्या खाणीतली निकेलची माती बार्ज नावाच्या सपाट होड्यांतून यायची आणि क्रेनने उचलून जहाजाच्या पोटात टाकायची, असं काम चाललं होतं. तिथे पावसाळा होता. मातीचे ढीग उघड्यावर भिजत पडलेले. पाऊस आला की झाकणं बंद करायची, थांबला की पुन्हा भरायचं. गोरखने व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. तांबडी, ढेकळं असलेली माती, वरून अगदी कोरडी. तो म्हणाला, "आन्ना, तात्या म्हनायचे तीच माती हाय का ही? मला तर कोरडी दिसती."

आता आमच्या अण्णांविषयी सांगायला हवं. माझे वडील बन्सी म्हणजे पंचक्रोशीत वापश्याचा माणूस. पाऊस पडून गेला की रानात पाय केव्हा घालायचा, पेरणीची पाभर केव्हा धरायची, हे विचारायला लोक त्यांना मोटारसायकलवर बसवून आपल्या रानात नेतात. अण्णा खाली बसतात, टीचभर खालची माती मुठीत घेतात आणि दाबतात. लाडू वळला नाही तर ओल कमी. लाडू वळला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला नाही तर ओल जास्त, थांबा. वळला आणि ढकलताच मोकळा झाला की वापसा. आजवर त्यांची मूठ चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

अण्णांनी फोन जवळ धरला आणि आपल्या लेकाला सांगितलं, "वरची सोड. हात घालून खालची घे. दाब. आता बोटानं ढकल."

लाडू वळला, आणि फुटला.

"वापसा हाय," अण्णा म्हणाले. "झाक माती हाय. भ्याचं काय कारन न्हाई."

आईने देवाला हात जोडले. मीही सुटल्यासारखा श्वास सोडला. हजारो कोसांवरच्या मातीला आमच्या ओट्यावरून वापसा देऊन झाला. हे आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मी तात्यांना सांगायला दुकानात गेले, चांगली बातमी म्हणून. त्यांनी हातातलं होल्डर तसंच टाकलं आणि पळत आमच्या घरी आले. ओट्यावर पाय ठेवायच्या आत ओरडायला लागले.

"बन्सीदादा, तू काय पेरायला चाललाय का त्या जहाजात? वापसा मंजी बी रुजंल येवढं पानी. येवढंच पानी जहाज बुडवतं."

"माती मला शिकवतो व्हय?" अण्णा म्हणाले.

"रानातली तुला कळती. रान हालत न्हाई."

तात्यांनी पुन्हा फोन लावायला सांगितलं. गोरखला म्हणाले, दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घे. तीच माती अर्ध्यापर्यंत भर. लोखंडी जमिनीवर वीतभर उंचीवरून आपट. जोरात. पुन्हा. वीस-पंचवीस वेळा आपट, घाई करू नको. आम्ही सगळे बघत होतो. पहिल्यांदा काहीच झालं नाही आणि अण्णांनी तात्यांकडे बघून मिशीवर हात फिरवला. गोरख आपटत राहिला. मातीचा वरचा थर हळूहळू सपाट झाला, मग काळपट झाला, मग चकाकायला लागला. शेवटी डब्यात पातळ शेणकाला असावा तसा चिखल हलत होता.

आई म्हणाली, "आगं बया."

अण्णा अडून बसले. "डबा आपटल्याव काय बी वर येतं."

"जहाज मंजी रातंदिस आपटनारा डबाच हाय," तात्या म्हणाले. आणि गोरखला म्हणाले, "साह्यबाला दाखव जा."

गोरखने डबा मोठ्या अधिकाऱ्याला दाखवला, त्याने कॅप्टनला. कॅप्टन वाईट माणूस नव्हता, गोरख सांगतो. त्याने कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, माल पाठवणाऱ्याने तपासणीचा दाखला दिलाय, त्यात माती ठीक आहे, डबे आपटत बसू नका, भरा. दाखला कुठल्या ढिगाचा होता, पावसाआधीचा होता की नंतरचा, हे कुणी विचारलं नाही. कॅप्टनच्या हातात माल नाकारायचा हक्क असतो, कायद्याने असतो. पण माल नाकारणाऱ्या कॅप्टनला पुढचं जहाज कोण देतं? झाकणं पुन्हा उघडली आणि भरणं सुरू झालं. एसी खोलीत बसून दाखल्याकडे बोट दाखवणाऱ्या त्या माणसाला मी कधी बघितलं नाही. त्याला त्या तांबड्या चिखलात कमरेएवढं उभं करावं, असं मला अजून वाटतं.

"उतर," तात्या म्हणाले.

अण्णा उसळले. कराराच्या मध्येच उतरला तर पोराचं नाव कायमचं कापतील, पुन्हा कुणी उभं करणार नाही, जहाजावर गेलेलं घरातलं पोर पळपुटं म्हणून परत येणार, असं बरंच बोलले. दोघे भाऊ ओट्यावर एकमेकांच्या अंगावर गेले आणि मी मध्ये पडले. शेवटी आईने निकाल लावला. कडूबाई म्हणजे आमची आई, नवऱ्यापुढे आवाज न काढणारी बाई. तिने अण्णांच्या हातातला फोन काढून तात्यांना दिला आणि म्हणाली, "भावजी, त्याला कसं उतरायचं ते सांगा."

तात्यांनी सांगितलं. पोटात उजवीकडे खाली दुखतंय म्हण. तिथं हात लावला की ओरड, आणि हात काढताना आणखी जोरात ओरड. खाऊ नको. वाकून चाल. गोरखने सगळं बरहुकूम केलं. जहाजावर अपेंडिक्सचा धोका कुणी घेत नाही. त्याला लाँचमधून किनाऱ्यावर नेलं, दवाखान्यात ठेवलं आणि घरी पाठवायचं ठरवलं. तिकिटाची वाट बघत तो तिथल्या एजंटाच्या लॉजवर होता, तेव्हा तात्यांना त्याचा एक फोन आला. तात्या दुकानातून बाहेर जाऊन बोलले. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "गप गुमान घरी ये. कुनाशी चकार शब्द बोलू नको." पोटदुखीचं सोंग उघडं पडू नये म्हणून सांगतायत, असं मला वाटलं.

गोरख आला. अण्णा त्याच्याशी बोलेनात, तात्यांशी तर नाहीच. गावाने त्याला 'पोटदुख्या' नाव ठेवलं. पारावरून गेला की कुणीतरी पोट धरून वाकायचं आणि बाकीचे खिदळायचे. श्रीमंतने फोन करून, बाळा, तू माझं नाव घालवलंस, असं सुनावलं. तात्या पारावर जाऊन दोघांशी भांडून आले. जहाज मात्र समुद्रात होतं, आणि मी रोज मनातल्या मनात म्हणत होते की ते सुखरूप पोचू दे, मग तात्या खोटे ठरले तरी चालतील.

ते पोचलं नाही. श्रीमंतचाच फोन आला. आवाज अगदी बदललेला. बाळा, तू नशीबवान, म्हणाला. जहाज गेलं, दोघे-तिघे सापडले, बाकी शोध चालू आहे, फार मोठं वादळ होतं.

अण्णांनी अंगणात भुईला डोकं टेकलं. मग उठून तात्यांच्या दुकानात गेले, भावाच्या गळ्यात पडले आणि रडले. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मढीच्या नाथाला जायचं काढलं. नाथाने पोरगं राखलं, मलिदा करायचा, भावकीला जेवण घालायचं. आई तूप काढायला लागली. ज्यांनी पोट धरून नकला केल्या तेच गाडीत जागा सांगायला आले. तात्या दारात उभे होते.

"नाथानं येकालाच राखलं व्हय रं, बन्सीदादा? बाकीच्यांचा नवस कमी पडला?"

"शुभ बोल," अण्णा म्हणाले.

"त्यांच्या दारात मयत हाय आन तुमी मलिदा खानार. लाज वाटू द्या." तात्यांनी गाडीवाल्याला शिव्या घालून हाकलून दिलं. लोक म्हणाले, ह्याला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही. मला मात्र तात्यांचा त्या दिवशी अभिमान वाटला.

तेव्हा आतून गोरख बाहेर आला. बातमी आल्यापासून त्याने अन्नाला हात लावला नव्हता. तो म्हणाला, "माझ्या बदलीला जो आला हुता, तो अकोले तालुक्यातला हुता. आपल्याच जिल्ह्यातला. श्रीमंतनंच पाठवला. कल्यान नाव हुतं. सापडलेल्यांत तो न्हाई."

तात्यांनी श्रीमंतला फोन लावला आणि पत्ता मागितला. श्रीमंत म्हणाला, समुद्र आहे, चालायचंच, तुम्ही कशाला त्या लोकांना त्रास देता. त्यावर तात्यांनी जे ऐकवलं ते मला इथे लिहिता येणार नाही. पत्ता मिळाला.

दुसऱ्या दिवशी तात्या, गोरख आणि मी निघालो. एसटीने अकोले, तिथून पुढे जीप. भाताची खाचरं पाण्याने भरलेली आणि बायका चिखलात वाकून लावणी करत होत्या. तात्या सगळ्या वाटेने तयारी करत होते. त्या लोकांना कंपनीने वादळ सांगितलं असणार. आपण खरं सांगायचं. वादळ नव्हतं, माती ओली होती, आणि ओली आहे हे कंपनीला सांगितलं होतं. आपण साक्ष देऊ. मुंबईत जाऊ, दिल्लीत जाऊ. ह्या वेळी वादळ म्हणू द्यायचं नाही. त्यांचा आवाज एवढा वाढला की जीपवाल्याने आरशातून मागे बघितलं. इतक्या वर्षांनी तात्यांना त्यांचं म्हणणं ऐकणारं कुणीतरी भेटणार होतं.

घर चढावर होतं. कल्याणची आई रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाकडे बघत नव्हती. त्याची बायको दिपाली, फार तर बावीस-तेवीसची, हातातलं काम टाकून आली. तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. शेजारपाजारचे चारदोन लोक येऊन बसले.

तात्यांनी सांगितलं. मी त्यांना इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ओरडले नाहीत. बाहेरच्या खाचराकडे बोट दाखवून माती कशी पातळ होते ते सांगितलं, डब्याचं सांगितलं, दाखल्याचं सांगितलं. तुमच्या माणसाला समुद्राने मारलं नाही, माणसांनी मारलं, असं स्पष्ट म्हणाले. दिपाली एकटक ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळं झाल्यावर तिने गोरखकडे मान वळवली.

"तुमीच ना ते? लॉजवरनं फोन केल्ता. ह्यांच्या मोबाईलला तिथलं कार्ड नव्हतं, म्हून तुमच्या फोनवरनं बोलले. मंग तुमी बी बोलला माझ्याशी. वहिनी, काळजी करू नका म्हनले."

गोरखने मान खाली घातली. मला हे माहीत नव्हतं. अण्णांना, आईला, कुणालाच माहीत नव्हतं.

"दोघं येका टेबलाव जेवले म्हनं," दिपाली म्हणाली. "आपल्याकडचा मानूस भेटला म्हून लई खूश हुते हे." मग तिने तात्यांना विचारलं, "तवा तुमाला म्हाईत हुतं का, माती वली हाय म्हून?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"समद्या घराला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मंग ह्यांना कामून न्हाई सांगितलं?"

ती भांडत नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. गोरख एकदम बोलायला लागला, "वहिनी, मी सांगनार हुतो, मी तात्यांना फोन करून इचारलं बी हुतं," आणि तिथेच अडकला.

तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. मग त्या पोरीकडे बघून म्हणाले, "म्याच त्याला गप बस म्हनलो. आमचं पोरगं आजून घरी यायचं हुतं."